पुनरुत्थान : शोकातून उमललेली आशा

ख्रिस्ती धर्मीयांचा सर्वांत मोठा सण कोणता, असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडी नाताळचे नाव येते. प्रत्यक्षात ख्रिस्ती उपासनेच्या वर्षात अग्रस्थान आहे ते ईस्टरला, म्हणजेच येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाला. क्रुसावर मृत्यू पावलेला येशू तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला, या श्रद्धेवर ख्रिस्ती धर्माची सारी इमारत उभी आहे. संत पौलाने इसवी सन ५५ च्या सुमारास करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात हे निःसंदिग्धपणे मांडले आहे. ख्रिस्त उठलाच नसेल तर उपदेशाला आणि श्रद्धेला काहीच अर्थ उरत नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. हा सण सर्वत्र एकाच रविवारी साजरा व्हावा, असा निर्णय इसवी सन ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मपरिषदेत झाला. वसंत संपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, हा त्यामागचा रूढ नियम. त्यामुळे पाश्चात्त्य परंपरेत ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान येतो. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्च प्रायः जुन्या ज्युलियन पंचांगानुसार गणित मांडते. २०२४ मध्ये या दोन परंपरांचे ईस्टर ३१ मार्च आणि ५ मे असे दूर होते, तर २०२५ मध्ये दोघांचाही सण २० एप्रिललाच आला.

पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. आत्म्याने एक देह टाकून दुसरा धारण करणे असा त्याचा अर्थ नाही आणि केवळ आत्म्याचे अमरत्वही त्यात अभिप्रेत नाही. नव्या करारातील 'अनास्तासिस' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'उठून उभे राहणे' असा आहे. तीच व्यक्ती, त्याच ओळखीसह, परंतु मृत्यूची सत्ता जिच्यावर चालत नाही अशा जीवनात उभी राहते, अशी ही धारणा आहे. ख्रिस्ताच्या बाबतीत जे घडले ते अखेरीस सर्वांच्या बाबतीत घडेल, ही ख्रिस्ती माणसाची आशा आहे.

मात्र या आशेचा आरंभ जल्लोषात झालेला नाही. चारही शुभवर्तमानांपैकी एकातही पुनरुत्थानाच्या प्रत्यक्ष क्षणाचे वर्णन आढळत नाही. आढळते ती रिकामी कबर आणि तिच्यासमोर गोंधळलेली माणसे. मार्काच्या शुभवर्तमानाची सर्वांत जुनी हस्तलिखिते तर कबरीपाशी आलेल्या स्त्रिया भयभीत होऊन पळून गेल्या, याच प्रसंगावर संपतात. लूकच्या वृत्तांतात स्त्रियांनी आणलेली वार्ता प्रेषितांना निरर्थक बडबड वाटते. योहानाच्या वृत्तांतात मग्दालाची मरिया कबरीबाहेर रडत उभी असते आणि समोर आलेल्या येशूला माळी समजते. तो तिला नावाने हाक मारतो, तेव्हाच तिला ओळख पटते.

उठलेल्या ख्रिस्ताच्या देहावर खिळ्यांचे व्रण कायम आहेत, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. संशयी थोमापुढे येशू तेच व्रण करतो. झालेली वेदना पुसली गेली, असे ख्रिस्ती श्रद्धा म्हणत नाही. त्या वेदनेचा शब्द अखेरचा ठरला नाही, एवढेच ती सांगते. कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या पूर्वरात्री नव्या अग्नीवर मोठी मेणबत्ती प्रज्वलित केली जाते. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे आकडे असतात. क्रुसावर बसवलेले धुपाचे पाच खडे म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमांचे प्रतीक. अंधाऱ्या मंदिरात त्या एका ज्योतीवरून प्रत्येक जण आपली मेणबत्ती पेटवतो.

मृत्यूकडे पाहण्याची दृष्टी या श्रद्धेने कशी बदलली, याची साक्ष भाषाही देते. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या दफनभूमीला 'निजण्याची जागा' या अर्थाचा ग्रीक शब्द योजला. इंग्रजीतील 'सेमेटरी' हा शब्द त्यावरूनच आला. रोममधील भूमिगत दफनस्थानांच्या भिंतींवर कबरीतून बाहेर येणारा लाजरस आणि माशाच्या पोटातून सुटलेला योना यांची चित्रे आजही दिसतात. ज्यांनी आपली माणसे तेथे निजवली, त्यांनीच ही चित्रे काढवून घेतली.

मराठी भूमीत या श्रद्धेची साथ धरणाऱ्यांमध्ये पंडिता रमाबाईंचे नाव ठळक आहे. दुष्काळात आई-वडील गेले, १८८० मध्ये बंधू आणि १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांना आसरा देत असतानाच त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचेही निधन झाले; त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दुःख टळले नाही, पण हातातले काम सुटले नाही. पुनरुत्थानाची आशा आयुष्यात उतरते ती बहुधा अशीच.

ईस्टरपूर्वी प्रायश्चित्ताचा काळ असतो तो चाळीस दिवसांचा. त्या काळात रोमन कॅथलिक उपासनेत 'आलेलुया' हा स्तुतिघोष केला जात नाही. ईस्टरच्या पूर्वरात्री तो पुन्हा घुमतो. त्यानंतरचा आनंदाचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत चालतो आणि तो पन्नास दिवसांचा असतो. प्रायश्चित्तापेक्षा आनंदाला दहा दिवस अधिक देण्यात चर्चने पुनरुत्थानाचा अर्थच जणू पंचांगात मांडून ठेवला आहे.