जहाज क्रमांक ५३४

सरकारी कचेरीत काही वर्षे काढलेल्या मनुष्यास, आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या वस्तूंचे नवल वाटत नाही. आमच्या टेबलावरून जाणारा पूल असो, धरण असो की वसतिगृह असो, ते प्रथम येते ते एका क्रमांकाच्या रूपाने. नाव मिळते ते मागाहून, बहुधा उद्‌घाटनाच्या दिवशी. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक गावी बांधल्या गेलेल्या एका उतारू जहाजाची हकीकत वाचताना आम्हांस प्रथम आपलेपणा वाटला तो यामुळेच. जवळजवळ चार वर्षे त्या जहाजाला नाव नव्हते. सारे जग त्यास 'क्रमांक ५३४' म्हणत होते, आणि त्या चारांपैकी सव्वादोन वर्षांहून अधिक काळ त्यावर हातोडाही पडत नव्हता. या मधल्या काळाविषयीच येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

क्लाइड नदी ग्लासगो शहरातून पश्चिमेस समुद्राकडे जाते. तिच्या तीरावर १८७१ साली थॉमसन बंधूंनी जहाजबांधणीचा कारखाना मांडला. गाव वसले ते त्यानंतर, आणि त्याने नावही कारखान्याचेच घेतले. पुढे हा कारखाना जॉन ब्राउन कंपनीकडे आला. लुसिटानिया व ॲक्विटानिया ही उतारू जहाजे आणि हुड ही युद्धनौका येथेच पाण्यात उतरली. शिवणयंत्रांचा सिंगरचा कारखाना सोडला, तर गावाची चूल पेटे ती याच कारखान्याच्या भरवशावर.

१९२९ साली जर्मनांच्या ब्रेमेन जहाजाने अटलांटिक महासागर सर्वांत वेगाने ओलांडण्याचा मान ब्रिटिशांकडून हिरावून घेतला. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क ही साप्ताहिक फेरी तीन जहाजांऐवजी दोनच वेगवान जहाजांनी चालवावी, असा कुनार्ड कंपनीचा विचार होता. त्यांपैकी पहिले जहाज म्हणजे ५३४. ते इतके प्रचंड व मोलाचे ठरणार होते की विमा बाजार त्याची पूर्ण जोखीम पत्करीना. तेव्हा उरलेली जोखीम सरकारने घ्यावी, असा कायदाच पार्लमेंटने १९३० साली केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कारखान्यात त्याची 'पठाण' मांडली गेली. जहाजाच्या तळाशी असणाऱ्या कण्यास आपल्या कोकणातील गलबते बांधणारे सुतार हाच शब्द योजतात.

त्या काळी लोखंडी पत्रे जोडीत ते रिव्हेटांनी. एक पोर भट्टीत रिव्हेट लालभडक तापवी. एकजण ते भोकात घालून मागून दाबून धरी. आणि दोघे पुढून घाव घालून त्याचे डोके चपटे करीत. अशा टोळ्यांना मजुरी मिळे ती रिव्हेटांच्या मोजणीवर. हजार फुटांहून लांब असे हे जहाज वर्षभरात घरांच्या छपरांवर चढले. गावात कोठेही उभे राहिले तरी ते दिसे, आणि त्याचा आवाज ऐकू येई. तो आवाज म्हणजेच गावाचे उत्पन्न होते.

१९३१ च्या डिसेंबरात, नाताळ दोन आठवड्यांवर आला असता, काम थांबवीत असल्याचे कुनार्डने जाहीर केले. मंदीमुळे प्रवासी घटले होते, आणि ज्या अल्प मुदतीच्या कर्जावर बांधणी चालली होती ते कर्ज लंडनच्या पेढ्या आता देईनात. सांगाडा बहुतांशी पुरा झाला होता. तीन हजारांहून अधिक कामगार एका फटक्यात घरी गेले. जहाजासाठी यंत्रे, साखळ्या, सामान घडविणारे इतर गावांतील लोक वेगळेच. निगराणीपुरती थोडी माणसे मागे राहिली, आणि ते प्रचंड धूड गावाच्या डोक्यावर नुसते उभे राहिले.

पुढील भाग आम्हां कारकून मंडळींनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. त्याच साली सरकारने बेकारीचा भत्ता दहा टक्क्यांनी घटविला, आणि सव्वीस आठवडे उलटून गेलेल्यांस 'मीन्स टेस्ट' लागू केली. अधिकारी दारात येत व चौकशी करीत: शिल्लक किती, सामान काय, मुलगा काय मिळवतो, मुलगी काय आणते. घरातील कोणाचीही मिळकत बापाच्या भत्त्यातून वजा होई. परिणामी मिळवती मुले घर सोडून परक्याच्या खोलीत राहू लागली. बापाचे पैसे कापले जाऊ नयेत एवढ्यासाठी. ती चौकशी करणारे राक्षस नव्हते. तुम्हां-आम्हांसारखेच ते नियमाने चालणारे पगारी लोक होते. ही गोष्ट आम्हांस अधिक बोचते.

या मतदारसंघाचे प्रतिनिधी डेव्हिड कर्कवुड हे स्वतः यंत्रकामगार होते. पार्लमेंटात त्यांनी ५३४ चा पाठपुरावा कधी सोडला नाही. अर्थखाते नेव्हिल चेंबरलेन यांच्याकडे होते. त्या खात्याची बाजू अगदीच पोकळ होती, असेही म्हणता येणार नाही. देशात बेकारांचा आकडा १९३३ च्या आरंभी तीस लाखांच्या घरात होता. अशा वेळी श्रीमंतांच्या प्रवासासाठी तरंगता महाल बांधावयास जनतेचा पैसा का द्यावा? एका कंपनीस दिला तर दुसरीस का नाही? हे प्रश्न कोणत्याही दक्ष अधिकाऱ्याने टिपणात लिहिलेच असते. आम्हीही लिहिले असते. परंतु त्या टिपणात एक रकाना नसतो. निर्णय लांबल्याने जो खर्च होतो तो खात्याच्या हिशेबात पडत नाही. तो पडतो कोणा रिव्हेटवाल्याच्या घरी.

अखेर चेंबरलेन यांनी पैसा देऊ केला, पण एका अटीवर: कुनार्ड व तिची डबघाईस आलेली प्रतिस्पर्धी व्हाइट स्टार या दोन कंपन्यांनी अटलांटिकवरील आपला धंदा एकत्र करावा. १९३४ च्या मार्चमध्ये कायदा झाला. एकंदर ९५ लक्ष पौंडांची तरतूद होती: ५३४ पुरे करण्यास ३० लक्ष, खेळत्या भांडवलासाठी १५ लक्ष, आणि दुसऱ्या जहाजासाठी ५० लक्ष.

३ एप्रिल १९३४ रोजी पाइपवाद्यांच्या सुरात कामगारांची पहिली तुकडी फाटकातून आत शिरली. पहिले काम बांधण्याचे नव्हते, खरवडण्याचे होते. अंगावर चढलेला गंजच १३० टन निघाला, असे सांगतात. पक्ष्यांनी घरटी बांधली होती, तीही काढावी लागली. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला, भर पावसात, राजे पंचम जॉर्ज यांच्या उपस्थितीत राणी मेरी यांनी जहाजास आपलेच नाव दिले, आणि 'क्वीन मेरी' मिनिटभरात पाण्यात उतरले. नदी अरुंद, समोरून कार्ट नदी येऊन मिळते, तिच्या मुखाकडे तोंड करूनच जहाज बांधलेले. वेग आवरण्यास दोन हजार टनांहून अधिक वजनाच्या साखळ्या लावल्या होत्या. २७ मे १९३६ रोजी ते पहिल्या सफरीस निघाले. महायुद्धात याच महालाने सैन्य वाहिले. १९४३ च्या एका खेपेस सोळा हजारांहून अधिक माणसे त्यावर होती. ५३४ वरील खर्चाविरुद्ध टिपण लिहिणाऱ्या कोणासही हा उपयोग सुचणे शक्य नव्हते.

आपल्याकडेही हा प्रश्न अपरिचित नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने विशाखापट्टणम येथे कारखाना उभारला. १९४८ साली 'जलउषा' जहाजाचे जलावतरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तरी तो कारखाना टिकावा म्हणून १९५२ साली सरकारास त्याचा दोनतृतीयांश भाग घ्यावाच लागला.

'क्वीन मेरी' १९६७ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील लाँग बीच बंदरी पोचली ती कायमची. तेथे ती आजही नांगरलेली आहे. क्लाइडबँकचा कारखाना मात्र राहिला नाही. १९०७ सालची त्याची प्रचंड यारी तेवढी नदीकाठी उभी आहे. सरकारने पैसा दिला म्हणजे धंदा अमर होतो, असे या कथेवरून कोणी समजू नये. आम्ही निर्णय घेणारे नव्हे. कागद वर पाठविणारे आहोत. परंतु 'विचाराधीन' असा शेरा लिहून फाइलीची दोरी बांधताना, क्लाइडबँकच्या छपरांवर गंजत उभे असलेले ते बिननावाचे जहाज हल्ली आम्हांस आठवते, आणि तो कागद आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा काढून पाहतो.