‘विथ’ : विरोधाकडून सोबतीकडे

इंग्रजीतील ‘विथ’ हा शब्द आम्ही शाळेत ‘सह’, ‘बरोबर’ या अर्थाने शिकलो. मग ‘विथस्टँड’ म्हणजे तोंड देणे, ‘विथहोल्ड’ म्हणजे रोखून ठेवणे आणि ‘विथड्रॉ’ म्हणजे माघार घेणे, हे कसे? या तिन्ही शब्दांत सोबतीचा लवलेशही नाही.

याचा उलगडा प्राचीन इंग्रजीत होतो. तेथे ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘समोर, विरुद्ध’ असा होता. राजा आल्फ्रेडच्या कारकिर्दीत, नवव्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेल्या अँग्लो-सॅक्सन बखरीत डेन लोकांविरुद्धच्या लढाया याच शब्दाने सांगितल्या आहेत. ‘विथसे’ म्हणजे नाकारणे, ‘विथसेट’ म्हणजे प्रतिकार करणे. ही क्रियापदे पुढे लुप्त झाली. संस्कृतातील ‘वियोग’, ‘विभक्त’ यांमधला ‘वि’ हा या उपसर्गाचा दूरचा आप्तच होय.

‘सह’ या अर्थी त्या काळी ‘मिड’ हा निराळा शब्द होता. जर्मन ‘मिट’ हे त्याचे भावंड. मध्ययुगीन इंग्रजीत ‘विथ’ने त्याची जागा बळकावली. ‘मिडवाइफ’ म्हणजे सुईण, या शब्दात मात्र तो टिकून आहे. प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या सोबत असणारी बाई, असा त्याचा मूळ अर्थ.

शत्रुवाचक शब्द सोबतीचा कसा झाला? इ. स. 878 मध्ये आल्फ्रेडने एडिंग्टन येथे डेनांचा पराभव केला. तरीही ते इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत शेतीभाती करून राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेतील याच कुळीच्या शब्दाला ‘विरुद्ध’ आणि ‘सह’ असे दोन्ही अर्थ होते. या शेजाराने अर्थपालटास हातभार लावला, असे अभ्यासक मानतात. शिवाय लढायचे तरी समोरासमोर यावेच लागते.

आपल्या मराठीतील ‘शी’ हा प्रत्यय याची साक्ष देतो. भांडण शेजाऱ्याशी, आणि सोयरीकही शेजाऱ्याशीच! अठराव्या शतकात मराठी फौजांमागून माळव्यात व गुजरातेत येऊन स्थिरावलेल्या घराण्यांना हे वेगळे सांगावयास नको. ज्यांच्याशी आपले पूर्वज लढले, त्यांच्याशीच पुढे पिढ्यानपिढ्यांचा घरोबा जडला. प्रत्यय तोच राहिला. क्रियापद तेवढे बदलले.