सारंगी पुढे आली, पण…

आमच्या भंडाऱ्याकडे थोर नेता गेल्याची खबर बातम्यांच्या आधी सारंगी द्यायची. रेडिओवर नेहमीचा कार्यक्रम थांबून सारंगी सुरू झाली की चुलीजवळच्या बाया विचारायच्या, ‘कोण गेलं?’

सारंगीची त्याआधीची ओळखही मानाची नव्हती. गाणारणीच्या मागे बसून तिच्या गळ्याची सावली व्हायचे, हे सारंगियाचे काम. तानेची बारीक जागा त्याला गायकाइतकीच ठाऊक; पण कोठ्याशी जोडलेल्या या वाद्याला प्रतिष्ठितांच्या घरात जागा नव्हती. त्यात पेटी आली. सारंगीला तीन तातीच्या तारा आणि त्यांखाली तरफेच्या पस्तीसेक. त्या जुळवत बसण्यापेक्षा पेटी सोयीची.

युरोपात चेलो असाच मागे होता. व्हायोलिनच्या घरातले हे मोठे वाद्य, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचे. सतराव्या शतकात खर्जाचा आधार देणे हेच त्याचे मुख्य काम. १६६० च्या सुमारास इटलीत तातीवर धातूची तार गुंडाळण्याची युक्ती आली. जाड तार बारीक झाली, खर्ज मोकळा बोलू लागला. १६८९ मध्ये बोलोन्याच्या दोमेनिको गाब्रिएलीने एकट्या चेलोसाठी रचना लिहिल्या. १७२० च्या सुमारास बाखने सहा नृत्यमालिका रचल्या.

आपल्याकडे उस्ताद बुंदू खाँसाहेबांनी एकल सारंगी ऐकवली होती. पण मैफलीत तिची गादी पक्की केली ती उदयपूरच्या पंडित रामनारायण यांनी. फाळणीत लाहोर रेडिओ सोडून ते दिल्लीला आणि १९४९ मध्ये मुंबईला आले. १९५४ मध्ये मुंबईत ते एकटे वाजवायला बसले, तेव्हा बड्या कलावंतांसाठी खोळंबलेल्या श्रोत्यांनी त्यांना लवकर उठवले. १९५६ मध्ये त्याच मुंबईने दाद दिली. मग त्यांनी साथ सोडली. २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०२४ मध्ये ते मुंबईतच निवर्तले.

चेलो पुढे आला, तरी वाद्यवृंदातली खर्जाची जागा त्याच्याकडेच राहिली. सारंगी पुढे आली, तोवर गायकामागची जागा बहुतेक पेटीची झाली होती. साथीलाच मान असता, तर एवढ्या मोठ्या वादकाला साथ सोडावी लागली असती का?

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकातही वादकांविना रात्र सरत नाही; पडदा पडल्यावर त्यांना विचारतो कोण? मी कवी आहे. माझा शब्दही कुणाच्या तरी सुरावर बसून लोकांपर्यंत जातो. म्हणून म्हणतो, गाणाऱ्याला टाळी देताना नजर जरा मागेही जाऊ द्या.