इवलेसे इंजिन आणि ओतशाळेचा फर्मा



आपल्या राहुरीवरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. शहात्तर-अठ्ठ्याहत्तरच्या मोठ्या दुष्काळाचे ते दिवस. तेव्हापासून कितीतरी पिढ्यांनी इथे वाफेचे इंजिन पाहिले, त्याच्या शिट्टीवर वेळ ओळखली. पण त्या इंजिनाच्या पोटात काय चालते, हे पाहिलेली माणसे थोडी. बहुतेक इंजिने परदेशातून तयार होऊन आली, आणि आपण बाजूला उभे राहून पाहत राहिलो. यंत्र पाहणे वेगळे आणि यंत्र कळणे वेगळे. या दोहोंतले अंतर काही माणसांनी कसे तोडले, ते आज सांगायचे आहे.

इंग्लंडात १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचे नियतकालिक काढले. कारकून, शिक्षक, कारागीर असे लोक ते वाचत आणि रात्री घरी बसून लहान आगगाडीचे इंजिन बनवीत. हे किल्लीचे खेळणे नव्हे बरं का! त्यात पाणी भरायचे, विस्तव पेटवायचा, वाफ धरायची; मग ते आपल्या जोराने धावते. साडेतीन इंच रुंदीच्या रुळावरचे इंजिन मोठ्या इंजिनाच्या साधारण सोळाव्या हिश्शाचे असते.

आता गुरुजींनी वर्गात घालावे असे एक गणित. लांबी सोळाव्या हिश्शाची केली, तर पृष्ठभाग दोनशे छप्पन्नावा हिस्सा होतो आणि घनफळ चार हजार शहाण्णवावा! म्हणजे पाणी फार कमी आणि त्या मानाने थंड होणारा पृष्ठभाग फार जास्त. म्हणून मोठ्या इंजिनाची हुबेहूब नक्कल केली तर ते नीट चालत नाही. बॉयलरमधल्या नळ्या संख्येने कमी पण त्या मानाने रुंद ठेवाव्या लागतात. निसर्ग माणसाच्या फूटपट्टीने आखडत नाही, हा धडा त्यातून मिळतो. ‘एलबीएससी’ या सहीने लिहिणाऱ्या एका लेखकाने १९२४ च्या सुमारास आपल्या ‘आयेशा’ नावाच्या इंजिनाने दाखवून दिले, की अडीच इंची रुळावरचे इंजिनही कोळशावर चालून मोठ्या माणसाला ओढू शकते. त्यापूर्वी अशी लहान इंजिने स्पिरिटच्या दिव्यावरच चालवावीत, असे पुष्कळांचे मत होते.

पण घरी बसलेल्या माणसाने चाके आणि सिलिंडर आणायचे कुठून? बिडाची भट्टी काही घरात लावता येत नाही. इथे ओतीव भाग पुरवणाऱ्या पेढ्या पुढे आल्या. नॉर्दम्प्टनची बॅसेट-लोक, हेन्लीची स्टुअर्ट टर्नर ही त्यांतली नामांकित नावे. त्या नकाशा देत आणि त्याबरोबर ओबडधोबड भाग देत: चाके बिडाची, सिलिंडर बिडाचे किंवा तांबे-कथलाच्या मिश्रणाचे. लेथवर कातणे, भोके पाडणे, कानस मारणे हे सारे घेणाऱ्याने करायचे. चूक झाली की भाग वाया, पण अक्कल पदरात!

या धंद्याचे मर्म लाकडी फर्म्यात आहे. फर्मा वाळूत दाबून काढून घेतात, राहिलेल्या पोकळीत रस ओततात. बीड थिजताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आखडते. पितळ त्याहून जास्त. म्हणून फर्मा तेवढा मोठा करावा लागतो, शिवाय कातण्यासाठी जाडी राखावी लागते. फर्मा जपला की वीस वर्षांनीही तसाच भाग निघतो. फर्मा हरवला, तर अर्धवट इंजिन माळ्यावर पडून राहते.

आपल्याकडे याच्याशी नाते सांगणाऱ्या दोन गोष्टी आहेत. श्रीगोंदे ज्यांच्या जहागिरीत होते, त्या शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या राजवाड्यात जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे. तीही बॅसेट-लोकचीच. मात्र ती विजेवर चालते, आणि आली ती तयार होऊनच. पाहुणे थक्क झाले, पण तिच्यामुळे कोणी कारागीर झाला नाही.

दुसरी गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांची. त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत आड आली. त्यांनी धीर सोडला नाही. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे नांगर झाले, उसाचे चरक झाले. मोडलेला भाग पुन्हा तसाच मिळू शकतो, कारण फर्मा कारखान्यात असतो. परदेशी यंत्राचा भाग मोडला तर बोटीची वाट पाहावी लागे. स्वावलंबन म्हणजे नुसते यंत्र जवळ असणे नव्हे. त्याचा फर्मा आपल्याजवळ असणे, हे खरे स्वावलंबन.

चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० पासून वाफेची इंजिने होऊ लागली आणि १९७२ साली तिथले शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले. आता राहुरीच्या रुळावर तो धूर दिसत नाही. तेव्हा मुलांना वाफ समजावयाची कशी? पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. सहल नेता आली तर जरूर न्यावी. नाही जमले तर गावातल्या ओताऱ्याकडे किंवा जवळच्या ओतशाळेत मुलांना घेऊन जावे. वाळूतला साचा, लाल रस, थंड झाल्यावर निघणारा खडबडीत तुकडा, हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहावे. मग तो तुकडा आणि एक कानस त्यांच्या हाती द्यावी.

शेतकरी बांधवांनो, तुमच्या घरी जुन्या मोटेचे चाक, चरकाचा दांता असा एखादा ओतीव भाग पडला असेल, तर तो मोडीत घालण्यापूर्वी एकदा शाळेत दाखवा. त्याच्याकडे पाहून एखादा पोर विचारील, ‘हे केले कसे?’ तो प्रश्न पडला, की त्या पोराच्या मनात इंजिन सुरू झाले असे समजा.