रोह्याचा निळा रंग

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात व परिसरातील कपाशी-तुरीच्या शिवारांत वावरणाऱ्या नीलगाईला विदर्भात 'रोही' म्हणतात. नावात गाय असली तरी हा आशियातील सर्वांत मोठा कुरंग होय.

निळा रंग मात्र केवळ प्रौढ नराचा असतो. जन्मतः नर-मादी दोन्ही पिल्ले पिवळसर तपकिरी असतात. मादीचा हा रंग आयुष्यभर टिकतो; नर वयात येताना क्रमाक्रमाने गडद होत निळसर करडा बनतो. घोयरा सरडा थोड्या वेळात रंग पालटून पूर्ववत होतो. रोह्याचा बदल केसांच्या रंगातील असल्याने संथ आणि कायमचा असतो. काळविटाचा पिवळसर तरुण नरही वाढत्या वयात असाच काळपट होतो.

त्यामुळे शिवारात दिसलेला पिवळसर कळप केवळ माद्यांचा समजणे योग्य नव्हे. शिंगे फक्त नरालाच येतात आणि ती १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात. कोवळा नर ओळखण्याची हीच खूण. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रोह्याला संरक्षण आहे, तर पिकांची नासाडी ही शेतकऱ्याची नित्याची व्यथा आहे. अशा स्थितीत कळपाची मोजणी अचूक व्हायची, तर रंगाबरोबर शिंगेही पाहणे आवश्यक ठरते.