जे लॉगमध्ये नाही ते शोधायचं कसं?

मंडळी, या शनिवारी विमानांबद्दल. खरं तर एका शोधाबद्दल. गूगल नव्हतं, ईमेल नव्हती, शोधायच्या माणसाचं नाव माहीत नव्हतं, तो जिवंत आहे की नाही हेही माहीत नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की नसलेली क्वेरी! आणि ती चालली तब्बल चार वर्षं.

शोधणारा होता चार्ली ब्राऊन. (हो, स्नूपीवाल्या चार्ली ब्राऊनचंही नाव हेच. पण ते कार्टून १९५० साली सुरू झालं, म्हणजे हा सीनियर.) वेस्ट व्हर्जिनियातल्या शेतकरी घरातला हा मुलगा वयाच्या एकविसाव्या वर्षी इंग्लंडमधल्या किंबोल्टन तळावर, अमेरिकेच्या ३७९ व्या बॉम्ब ग्रुपमध्ये बी-१७ बॉम्बरचा कप्तान होता. एकविसाव्या वर्षी आपण काय करत होतो? बहुतेक जण कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी टाय बांधायला शिकत होतो. याच्या हाताखाली चार इंजिनांचं विमान आणि नऊ माणसं होती.

२० डिसेंबर १९४३. टार्गेट होतं जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातला फोके-वुल्फ विमानांचा कारखाना. शहराभोवती अडीचशे विमानविरोधी तोफा. या चमूची एकत्र अशी ही पहिलीच मोहीम. उंची सत्तावीस हजार फुटांच्या वर, बाहेरचं तापमान उणे साठ. बी-१७ मध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती. प्रत्येकाच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क आणि अंगात विजेच्या तारांनी गरम होणारा सूट.

बॉम्ब टाकायच्या आधीच तोफांनी विमानाचं काचेचं नाक फुटलं, एक इंजिन बंद पडलं, दुसरं कुरकुरायला लागलं. वेग कमी झाला आणि विमान थव्यातून मागे पडलं. थव्यातून मागे पडलेल्या बॉम्बरचं काय होतं ते सांगायला नको. डझनभर जर्मन फायटर दहा मिनिटांहून जास्त वेळ त्याच्यावर तुटून पडले. तिसऱ्या इंजिनालाही मार बसला. रेडिओ गेला, ऑक्सिजन गेला, अर्धं रडर आणि शेपटीचा डावा एलिव्हेटर उडाला. अकरा बंदुकांपैकी तीन सोडून बाकी सगळ्या थंडीने जॅम. शेपटीतला गनर जागीच ठार. एकाच्या पायाला भयंकर जखम, एकाच्या डोळ्याला मार. एकाच्या सूटची वायर शॉर्ट होऊन त्याचे पाय गोठलेले. जखमींना द्यायचं मॉर्फिनसुद्धा गोठून गेलं होतं. ब्राऊनच्या स्वतःच्या उजव्या खांद्यात जखम. ऑक्सिजनअभावी त्याची शुद्ध हरपली आणि तो भानावर आला तेव्हा विमान बरंच खाली येऊन जर्मनीवरूनच लंगडत चाललं होतं.

आता दुसरी बाजू. खाली एका जर्मन तळावर फ्रान्झ श्टिग्लर नावाचा पायलट आपल्या मेसरश्मिट १०९ मध्ये इंधन आणि दारूगोळा भरून घेत होता. वय अठ्ठावीस, युद्धाआधी लुफ्तहान्साचा पायलट, आता वीसच्या वर विमानं पाडलेला कसलेला माणूस. हे सावज दिसताच तो उडाला आणि थोड्याच वेळात मागे पोहोचला. इथे एक हिशोबही लक्षात घ्यायला हवा. जर्मन हवाई दलात पश्चिम आघाडीवर गुणांची पद्धत होती. चार इंजिनांचं बॉम्बर पाडलं तर तीन गुण, आणि असे गुण साठले की गळ्यात नाइट्स क्रॉस. अप्रेझलची वेळ आणि समोर आयतं चालून आलेलं टार्गेट!

त्याने शेपटीच्या बंदुकीकडे पाहिलं. ती हलेना. आणखी जवळ गेला. विमानाच्या अंगाला इतकी मोठी भोकं होती की आतली माणसं दिसत होती, एकमेकांना सावरणारी. श्टिग्लरने ट्रिगर दाबला नाही.

का? त्याने नंतर जे कारण सांगितलं ते मला या गोष्टीतलं सगळ्यात खरं वाटतं, कारण ते फार उदात्त वगैरे नाही. उत्तर आफ्रिकेत असताना गुस्ताव्ह र्‍योडेल या त्याच्या वरिष्ठाने दम भरला होता, की पॅराशूटने उतरणाऱ्या माणसावर तू गोळी झाडलीस असं मला कळलं तर मी स्वतः तुला गोळी घालीन. श्टिग्लरला वाटलं, हे विमान म्हणजे पॅराशूटच की. एका रागीट साहेबाने लावलेला नियम वर्षभराहून जास्त काळ डोक्यात राहिला आणि भलत्याच ठिकाणी लागू झाला.

पुढचं जास्तच विचित्र. तो बॉम्बरच्या पंखाशेजारी येऊन उडू लागला. खाणाखुणा करून सांगायला लागला, की जर्मनीत उतरा, नाहीतर स्वीडनला जा. स्वीडन तटस्थ होतं आणि अर्ध्या तासावर होतं. ब्राऊनला काहीच कळेना. शत्रूचं फायटर शेजारी आहे आणि पायलट हातवारे करतोय, यातून कोण काय समजणार? श्टिग्लर तसाच चिकटून राहिला, खालच्या जर्मन तोफांनी बॉम्बरवर मारा करू नये म्हणून. शेवटी ब्राऊनने वरच्या बंदुका त्याच्याकडे वळवायला सांगितल्या, पण झाडायच्या नाहीत. तोवर खाली समुद्र आला होता. श्टिग्लरने सलाम ठोकला आणि वळून गेला.

ब्राऊनने तसंच ते विमान उत्तर समुद्रावरून अडीचशे मैल रेटत आणलं आणि इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ सीदिंगच्या तळावर उतरवलं. दहा गेले होते. नऊ जिवंत परतले.

आता येऊया लॉगच्या मुद्द्याकडे. ब्राऊनने डीब्रीफिंगमध्ये सगळं सांगितलं. वरून हुकूम आला, हे कुणाला बोलायचं नाही. जर्मन पायलटही दयाळू असतात असं पोरांच्या डोक्यात बसलं तर उद्या बंदूक चालवताना हात कचरतील. (क्रूर वाटतं, पण त्या जागी बसलेल्या माणसाचा तर्क मला समजतो.) तिकडे श्टिग्लर गप्पच बसला. शत्रूचं विमान हातचं सोडलं हे उघड झालं असतं तर कोर्टमार्शल आणि बहुधा मृत्युदंड. जर्मन पद्धतीत विमान पाडल्याचा दावा करायला लेखी अहवाल आणि साक्षीदार लागायचे. न पाडलेल्या विमानासाठी फॉर्मच नव्हता! म्हणजे एका बाजूने रेकॉर्ड दाबलेलं, दुसऱ्या बाजूने तयारच झालेलं नाही. त्यात युद्धाच्या शेवटी जर्मन हवाई दलाची बहुतेक कागदपत्रं नष्ट झाली.

दोघंही आपापल्या आयुष्यात गुंतले. श्टिग्लर १९५३ मध्ये कॅनडात, व्हँकूवरकडे स्थायिक झाला. ब्राऊन अमेरिकन हवाई दलात १९६५ पर्यंत राहिला, मग परराष्ट्र खात्यात काम करून १९७२ मध्ये मायामीला गेला. १९८६ मध्ये अलाबामाच्या मॅक्सवेल तळावर जुन्या लढाऊ पायलटांच्या कार्यक्रमात त्याला कुणी तरी विचारलं, तुमची लक्षात राहिलेली मोहीम कोणती? आणि त्याने ही गोष्ट सांगितली. त्रेचाळीस वर्षांनी!

तिथून शोध सुरू झाला. अमेरिकन हवाई दलाची दफ्तरं, पश्चिम जर्मनीची दफ्तरं. हाती काहीच नाही, आणि वर सांगितलेल्या कारणांमुळे लागणारही नव्हतं. शेवटी त्याने वेगळी युक्ती केली. दफ्तर सोडलं आणि माणसांना विचारलं. माजी लढाऊ पायलटांच्या वार्तापत्रात पत्र छापून आणलं, की अशी अशी घटना, तो पायलट कोण? डेटाबेसमध्ये नसलेली रो कुणाच्या तरी मेमरीत असू शकते, एवढाच आधार.

जानेवारी १९९० मध्ये कॅनडातून पत्र आलं. तो मीच. विमान घरी पोहोचलं की नाही, हा प्रश्न श्टिग्लरलाही इतकी वर्षं पडलेला होता.

मग फोनवर बोलणं झालं. श्टिग्लरने बॉम्बरची अवस्था, सोबत उडणं, शेवटचा सलाम, सगळं न विचारता वर्णन केलं आणि ब्राऊनची खात्री पटली. कुणी म्हणेल, हा पुरावा म्हणजे दोन म्हाताऱ्यांच्या आठवणी. खरंय. पण शेहेचाळीस वर्षं एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणच्या प्रती जुळल्या, तर मी तरी चेकसम बरोबर आला असंच म्हणेन :)

याच्या उलट गोष्ट आपल्याकडे घडली आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानी पायलट कैस हुसेनने कच्छमध्ये एक छोटं नागरी विमान पाडलं. त्यात गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता होते. सगळे गेले. २०११ मध्ये हुसेनने त्या विमानाच्या पायलटच्या, जहांगीर इंजिनिअर यांच्या मुलीला शोधून ईमेल लिहिली, आणि तिने उत्तरही दिलं. त्याला हुकूम मिळाला होता आणि त्याने तो पाळला होता. म्हणजे गोळी झाडणारा आणि न झाडणारा, दोघांच्याही डोक्यात तो क्षण चाळीस-पन्नास वर्षं तसाच चालू राहतो.

आणि हो, श्टिग्लरला देवमाणूस करायची घाई नको. त्याने इतर बॉम्बर पाडलेच होते. त्यातल्या पोरांच्या घरी तार गेलीच असणार. आणि ब्राऊनही ब्रेमेनवर फुलं टाकायला गेला नव्हता.

१९९० च्या उन्हाळ्यात दोघं सिॲटलला भेटले. त्यानंतर अठरा वर्षं एकमेकांकडे येणं-जाणं, फोन. श्टिग्लरचा एकुलता एक भाऊ १९४० मध्ये युद्धात गेला होता. ब्राऊन आपल्याला त्या भावाइतकाच प्रिय आहे, असं त्याने ब्राऊनला दिलेल्या एका पुस्तकावर लिहिलं होतं.

श्टिग्लर मार्च २००८ मध्ये गेला, ब्राऊन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. त्या मोहिमेसाठी ब्राऊनला एअर फोर्स क्रॉस आणि बाकीच्या नऊ जणांना सिल्व्हर स्टार मिळाला तोही २००८ मध्येच. श्टिग्लरला नाइट्स क्रॉस कधीच मिळाला नाही.