जलमितव्ययी उद्यान आणि वनस्पतींची निवड : एसेक्समधील एक प्रयोग

इंग्लंडातील उद्यानकलेच्या इतिहासात हिरवळ आणि तिच्या कडेचे फुलांचे ताटवे ह्यांनाच सामान्यतः अग्रस्थान दिले जाते. पाऊस वेळेवर पडणारच, हे गृहीत धरून ही परंपरा वाढली. १९७५-७६ च्या अवर्षणाने त्या गृहीतास जबर धक्का दिला. ऑगस्ट १९७६ मध्ये पार्लमेंटला अवर्षणविषयक कायदा संमत करावा लागला आणि अनेक भागांत बागांना नळीने पाणी घालण्यास मनाई झाली.

बेथ चॅटो (१९२३-२०१८) ह्यांच्यापुढे हा प्रश्न त्यापूर्वीच उभा होता. कोल्चेस्टरजवळील एल्मस्टेड मार्केट येथे पतीच्या फळबागेला लागून असलेल्या पडीक जमिनीवर १९६० मध्ये त्यांनी बागेस आरंभ केला. जमिनीचा काही भाग दलदलीचा, तर काही रेताड व खडेमिश्रित होता. हा प्रदेश इंग्लंडातील सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी असून तेथील वार्षिक पर्जन्यमान सुमारे २० इंच आहे. पती अँड्र्यू चॅटो ह्यांनी उद्यानवनस्पतींच्या मूळ वसतिस्थानांचा आयुष्यभर अभ्यास केला होता. जमीन वनस्पतीजोगी करण्याऐवजी जमिनीजोगी वनस्पती निवडावी, हे सूत्र त्या अभ्यासातून सिद्ध झाले. १९७८ मधील ‘द ड्राय गार्डन’ ह्या ग्रंथात बेथ चॅटो ह्यांनी त्याची मांडणी केली.

ह्या सूत्राची खरी कसोटी १९९१-९२ मध्ये सुरू झालेल्या खडीच्या बागेत लागली. पूर्वी तेथे मोटारी उभ्या करीत. त्यामुळे जमीन दडपून घट्ट झालेली होती. ती खोलवर फोडून तीत कुजलेले खत मिसळण्यात आले, लागवडीच्या वेळी रोपांना पाणी देण्यात आले आणि वर खडीचे आच्छादन पसरण्यात आले. त्यानंतर सिंचन नाही, असा नियम ठरला. लॅव्हेंडर व सँटोलिना ह्यांची करडी पाने ऊन परावर्तित करतात व बाष्पोत्सर्जन कमी राखतात. सेडम मांसल पानांत पाणी साठविते. कांदा-लसणीच्या कुळातील शोभेच्या जाती उन्हाळ्यात कंदरूपाने विश्रांती घेतात. जी झाडे तग धरीत नसत ती काढून टाकली जात.

‘पाण्यावाचून फुललेली बाग’ असे ह्या प्रयोगाचे वर्णन नेहमी केले जाते. ते अपुरे होय. पाण्याची बचत येथे पूर्वमशागत, आच्छादन आणि कठोर निवड ह्यांच्या मोलाने साधली आहे. शिवाय उन्हाळ्यातील वाळलेले तुरे व पिवळे गवत ह्यांतही सौंदर्य पाहण्याची तयारी ठेवावी लागते. उद्यानाविषयीची अभिरुचीच त्यामुळे बदलते.

ह्याच कारणाने वनस्पतींची यादी जशीच्या तशी उचलणे धोक्याचे ठरते. दख्खनच्या पर्जन्यछायेतील अनेक ठिकाणीही वार्षिक पाऊस २०-२५ इंचच असतो. परंतु तो पावसाळ्याच्या मोजक्या महिन्यांत पडतो आणि पुढे प्रखर उन्हाचा दीर्घ काळ येतो. एसेक्समध्ये तो वर्षभर विखुरलेला असतो. आकडा सारखा असला, तरी वनस्पतीचे जीवनमान सारखे नसते. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडात तापमानाने प्रथमच ४० अंश सेल्सिअसची मर्यादा ओलांडली. तेव्हा एसेक्सची यादीही तेथे कायम राहीलच, असे मानता येत नाही. स्थळाचा स्वभाव ओळखून वनस्पती निवडण्याची रीत मात्र सर्वत्र अनुसरण्याजोगी आहे.